सांगावा आमच्या पायांनी गेला, रस्ता कुणाच्या नावावर?

नगर जिल्ह्यातला कोणताही पुढारी भाषणाला उभा राहिला की पाच मिनिटांत रस्त्यांवर येतो. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून गेला, काकडीला विमानतळ झाले, नगरहून बीडला रेल्वे धावू लागली, वाडीवस्तीवर मोबाइलचे टॉवर उभे राहिले. यातले काहीच खोटे नाही. आपल्या वस्तीतली पोरंही समृद्धीवरचे व्हिडिओ स्टेटसला ठेवतात. त्यांना मी नावे ठेवणार नाही, कारण रस्ता कुणाला नको असतो? अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला रस्ताच लागतो.

पण एक हिशेब या भाषणांत कधी येत नाही. या जिल्ह्याचे दळणवळण कित्येक पिढ्या ज्यांच्या पायांवर चालले, त्यांचा आजच्या दळणवळणात आणि त्यावर उभ्या राहिलेल्या अर्थव्यवस्थेत वाटा किती? हा हिशेब दुसरा कुणी मांडणार नाही. आपल्यालाच मांडावा लागेल.

माझे आजोबा आमच्या गावचे येसकर होते. घरात त्यांना सगळे आबा म्हणत. हातात घुंगुरकाठी, खांद्यावर घोंगडे. त्यांच्या गोष्टींमध्ये राजाराणी नसायचे, चालणे असायचे. "रातच्याला पाटलाचा माणूस दारात यायचा. अमक्याची म्हातारी गेली, तिच्या लेकीला सांगावा दे. लेक दिलेली बारा कोसांवर. पाऊस असो, थंडी असो, निघायचं. तिथं जाऊन वेशीपाशी उभं राहायचं आन् लांबूनच हाळी द्यायची." इतकी मोठी बातमी ज्याच्या तोंडी सोपवली, त्याला ओट्यावर पाय ठेवायची मुभा नव्हती. निरोप सोवळा आणि निरोप्या ओवळा, असा तो न्याय होता.

आता महाराच्या कामांची यादी आठवून पाहा. सरकारी कागद या गावाहून त्या गावाला पोचवणे. साऱ्याचा भरणा तालुक्याच्या खजिन्यात नेताना सोबत चालणे. चावडीवर रयतेला बोलावून आणणे. गावात आलेल्या अंमलदाराला पुढच्या शिवेपर्यंत वाट दाखवणे आणि त्याचे ओझे वाहणे. मयताची बातमी पोचवणे. गावच्या शिवेचा वाद निघाला तर हद्द दाखवणे. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाड्या'त या कामांची तपशीलवार वर्णने आहेत. आपण ही यादी वेठबिगारीची म्हणून वाचतो, आणि ती वेठबिगारी होतीच. पण तीच यादी आजच्या भाषेत वाचा. टपाल, तारखाते, खजिन्याची सुरक्षित वाहतूक, भूमापन आणि सरकारी पाहुण्यांची बडदास्त, असली सगळी खाती एका जातीच्या पायांवर उभी होती. ब्रिटिश सरकारने पोस्ट आणि तार आणली ती शहरांत आणि तालुक्यांत. खेड्यातले शेवटचे दहा कोस मात्र आपल्याच माणसाने तुडवले.

मोबदला काय? हाडोळ्याचा तुकडा, बलुत्याची पेंढी आणि मागून आणलेली भाकरी. कामाला वेळ नाही, सुट्टी नाही, आणि एकट्या वतनदारावर भागतही नाही. तो आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. सरकारला हे फार सोयीचे होते. पगारी नोकर ठेवायचा खर्च वाचत होता.

बाबासाहेबांनी यावर नेमके बोट ठेवले. 1928 साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वंशपरंपरागत वतनांच्या 1874 च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. सरकारला आमची सेवा हवी असेल तर तिचा पगार द्यावा आणि जमीन आमच्याकडे मोकळी राहू द्यावी, असा त्या मांडणीचा गाभा होता. काही जण आजही म्हणतात की बाबासाहेबांची लढाई फक्त मानाची होती, पोटाची नव्हती. त्यांनी वतनाचा प्रश्न उघडून पाहावा. तिथे मान, मजुरी आणि जमीन या तिन्ही गोष्टी एकाच कलमात अडकलेल्या दिसतील.

या लढ्याची एक मोठी सभा आपल्याच जिल्ह्यात झाली, हे आपल्या किती तरुणांना माहीत आहे? 16 डिसेंबर 1939 रोजी श्रीरामपूरजवळच्या हरेगावला बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद भरली. हरेगाव तेव्हा काय होते? बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, मैलोन्‌मैल उसाचे मळे, आणि जवळच रेल्वेचे स्टेशन. म्हणजे जिल्ह्यातले सगळ्यात आधुनिक भांडवल जिथे उभे होते, तिथेच हजारो वर्षांच्या वेठीचे ओझे टाकून देण्याची भाषा झाली. गावोगावहून लोक पायी गेले, गाड्यांनी गेले. सांगावे पोचवणाऱ्यांनी त्या वेळी पहिल्यांदा स्वतःचा सांगावा पोचवला असणार, असे मला नेहमी वाटते.

जगात दुसरीकडेही असे घडले आहे का, म्हणून मी शोध घेतला. दक्षिण अमेरिकेत आजच्या पेरू देशाच्या डोंगरांत इंका राज्य होते. त्यांचे रस्त्यांचे जाळे तीस हजार किलोमीटरच्या आसपास पसरलेले होते. तिथे चाक नव्हते, घोडा नव्हता. निरोप घेऊन माणसेच धावत. त्यांना चास्की म्हणत. ठरावीक अंतरावर चौकी, तिथे पहिल्याने दुसऱ्याच्या हाती निरोप द्यायचा आणि दुसऱ्याने धावत सुटायचे. रस्ते बांधायला आणि राखायला राज्य पाळीने श्रम घेई. त्या पद्धतीचे नाव मिता. पुढे स्पॅनिश लोक आले आणि त्यांनी हीच मिता वापरून तिथल्या माणसांना पोतोसीच्या चांदीच्या खाणीत जुंपले. 2014 साली युनेस्कोने त्या रस्त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तिथेही जुलूम होताच, त्यात शंका नाही. पण एक फरक पाहा. तिथला धावणारा माणूस आपली पाळी संपली की घरी जाऊ शके आणि त्याच्या हातचा निरोप दुसरा माणूस हातात घेई. आपल्याकडे पाळी जन्माबरोबर लागे, आणि हातातला कागद हातात घ्यायचाही विटाळ होई. आपल्या आजोबांनी तुडवलेल्या पायवाटांना वारशाचा दर्जा कोण देणार? त्या वाटांपैकी बऱ्याच आज कुणाच्या तरी बांधाखाली गेल्या आहेत.

आता रेल्वेकडे येऊ. दौंड-मनमाड रेल्वे 1878 साली सुरू झाली. सालाकडे नीट पाहा. 1876 ते 1878 हा मोठ्या दुष्काळाचा काळ. नगर जिल्ह्याच्या कोरड्या माळावर माणसे आणि जनावरे मरत होती, आणि त्याच काळात त्याच माळावरून रूळ गेले. श्रीगोंदे, नगर, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव अशी ही वाट. अकोले, संगमनेर, नेवासा, शेवगाव, पाथर्डी, जामखेड या तालुक्यांना ती तेव्हा शिवली नाही आणि आजही शिवलेली नाही. नगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी मिळाली 1995-96 च्या सुमारास. नगर ते आष्टी गाडी सुरू झाली 23 सप्टेंबर 2022 रोजी आणि बीडला गाडी पोचली 17 सप्टेंबर 2025 रोजी. तीस वर्षे लागली. याच काळात समृद्धीचे 701 किलोमीटर किती वर्षांत झाले ते तुम्हीच मोजा. ऊसतोड कामगारांच्या मुलखाची रेल्वे रखडते आणि भांडवलाचा रस्ता धावतो, याला योगायोग म्हणण्याइतका मी भोळा नाही.

रेल्वेने आपल्या माणसाला गावाबाहेर काढले, हेही मान्य केले पाहिजे. मुंबईच्या गिरण्या, मनमाडचा कारखाना, भुसावळचे यार्ड इथे आपली माणसे गेली, पगाराचा पैसा पहिल्यांदा हातात आला. पण रेल्वेच्या आत काय होते? फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे बाबासाहेब तिथेच बोलले. हे वाक्य आपण बॅनरवर छापतो, पण त्याच भाषणातला दुसरा भाग विसरतो. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, त्याला साधे पोर्टरही करत नाहीत, हे बाबासाहेबांनी तिथे दाखवून दिले. कारण काय, तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरात कामाला जावे लागे आणि स्टेशनमास्तर सवर्ण. रूळ ठोकायला अस्पृश्य हात चालत होता, त्याच हाताने भरलेला पाण्याचा तांब्या चालत नव्हता. यंत्र आले म्हणून जात गेली नाही. तिने यंत्राच्या खात्यात आपली बदली करून घेतली.

एसटीची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि मी ती आनंदाने सांगतो. 1 जून 1948 रोजी राज्यातली पहिली एसटी धावली ती पुणे-नगर मार्गावर. त्या गाडीत बसायला जात विचारली जात नव्हती. तिकीट काढले की सीट तुमची. आबा पहिल्यांदा एसटीत बसले तेव्हा खाली बसू लागले. कंडक्टर म्हणाला, "बाबा, वर बसा, पैसे दिलेत तुम्ही." हा प्रसंग आबांनी आम्हाला किती वेळा सांगितला असेल त्याची गणती नाही. मी स्वतः आठवी ते बारावी एसटीच्या पासवर शिकलो. आमच्या वस्तीतल्या पहिल्या नोकरदार बाईने नोकरी केली ती एसटीच्या वेळापत्रकावर. सरकारी मालकीची आणि ठरल्या भाड्याची ही गाडी कुणाच्या बापाची नव्हती, म्हणून ती आपली झाली. आज गावातली मुक्कामी गाडी बंद झाली की आपले तरुण म्हणतात, जाऊ द्या, जीप आहे, वडाप आहे. अरे, जीप कुणाची आहे? ती कधी सुटणार आणि कुणाला पुढे बसवणार हे कोण ठरवतो? 2021-22 च्या संपात एसटी कित्येक महिने थांबली तेव्हा शाळा कुणाच्या मुलींची सुटली, ते वस्तीत जाऊन विचारा. महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे. ज्या गावात गाडीच येत नाही तिथे अर्ध्या तिकिटाचा कागद काय कामाचा?

या जिल्ह्याची खरी अर्थव्यवस्था मात्र साखरेची. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, उत्तरेत ऊस उभा राहिला. 1950-51 च्या हंगामात लोणीजवळ प्रवरेच्या सहकारी कारखान्याने गाळप सुरू केले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या कामाला मी छोटे म्हणत नाही. खासगी कंपनी आणि सावकार यांच्या तावडीतून शेतकरी सुटला. पण कोणता शेतकरी? सहकारी साखर कारखान्याचा उत्पादक सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला जमीन लागते, जमिनीला पाटपाणी लागते. ज्याच्या आजोबाला हाडोळ्याचा तुकडा होता तो दारातूनच परत फिरला. मग या सभासदत्वावर बँक उभी राहिली, दूध संघ उभा राहिला, महाविद्यालये आणि दवाखाने उभे राहिले, आमदारकी आणि खासदारकी उभी राहिली. ज्या दारातून आत गेल्यावर हे सगळे मिळत होते, ते दार सातबाराने उघडत होते.

आणि रस्ते? उत्तर नगरच्या रस्त्यांचे जाळे नकाशावर पाहा. शेतातून कारखान्याकडे, कारखान्यातून बाजाराकडे अशी त्याची ठेवण आहे. ऊस तोडला की वेळेत गाळावा लागतो, नाहीतर उतारा घटतो, म्हणून उसाच्या फडापर्यंत रस्ता जातो. दलितवस्तीतला माणूस उशिरा पोचला म्हणून कुणाचा उतारा घटत नाही.

हे रस्ते केले कुणी? 1972 च्या दुष्काळात माझे वडील बावीस वर्षांचे होते. आई-वडील दोघेही खडी फोडायला जात. त्याच दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला. जगात नावाजलेला कायदा, आणि त्याने खरोखरच माणसे जगवली. पण दक्षिण नगरच्या कितीतरी रस्त्यांखाली ती खडी आहे, आणि ती फोडणाऱ्यांत भूमिहीनच जास्त होते. रस्त्यामुळे ज्यांच्या जमिनीचा भाव वाढला ते वेगळे होते. वडिलांच्या उजव्या डोळ्याला खडीचा कण लागलेला होता. त्या रस्त्यावरून गाडी जाताना ते खिडकीतून बाहेर पाहायचे नाहीत. हे मला फार उशिरा कळले.

आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून आणि शेजारच्या बीडमधून कोयत्यांच्या गाड्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार टाकून जातात. त्यांत वंजारी आहेत, बौद्ध आहेत, मातंग आहेत, भटके आहेत. आता मुकादम मोबाइलवर बोलावतो आणि उचल खात्यावर टाकतो. सांगावा इतका झटपट झाला, पण उचलीचा फास काही सैल झालेला नाही. उलट पळून गेलेल्या मजुराचा माग आता फोनवरून काढता येतो.

जमिनीचा मुद्दा इथे सोडून पुढे जाता येणार नाही. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली, 1959 पासून त्याचा अंमल आला. वेठ संपली. जमिनी पुन्हा वतनदारांच्या नावे झाल्या, पण शर्तीच्या. म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाहीत अशा. या शर्तीचा हेतू आपले रक्षण करण्याचा होता. प्रत्यक्षात काय झाले? गावाजवळचा, रस्त्यालगतचा तुकडा साध्या कागदावर, कधी दारूच्या बाटलीवर, कधी लग्नाच्या कर्जावर दुसऱ्याच्या ताब्यात गेला. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव आणि जागेवर कुणाचे तरी मंगल कार्यालय, असे चित्र किती गावांत आहे! 2025 च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या मुंढव्याच्या महार वतन जमिनीवरून राज्यभर गदारोळ झाला तेव्हा बाकीच्यांना धक्का बसला. आपल्याला बसायला नको होता. रस्ता रुंद झाला की आधी वतनाच्या जमिनीवर डोळा जातो.

हरेगावचेच पाहा. बेलापूर कंपनीने शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनी कमाल धारणा कायद्यानंतर 1963 साली शेती महामंडळाकडे आल्या. त्याच काळात दादासाहेब गायकवाड भूमिहीनांसाठी सत्याग्रह करत होते. 1959 चा आणि 1964 चा, दोन्ही वेळा तुरुंग भरले. पुढे खंडकऱ्यांच्या वारसांना जमिनी परत करण्याचा निर्णय झाला. त्यांचा हक्क मी नाकारत नाही, त्यांचीही फसवणूक झाली होती. पण त्या मळ्यांच्या चाळींत पिढ्या काढलेल्या मजुरांच्या नावे किती एकर आली, हे विचारायला कुणी मोर्चा काढला?

आता नव्या रस्त्यावर येतो. समृद्धीचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी पूर्ण रस्ता. त्यावर दुचाकी चालत नाही, तिचाकी चालत नाही, बैलगाडी चालत नाही. म्हणजे आपल्या वस्तीतली जवळजवळ सगळी वाहने त्या रस्त्याला नको आहेत. जमीन गेली त्यांना पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला, ते बरेच झाले. पण त्याच शेतात वर्षाचे दोनशे दिवस खुरपायला जाणाऱ्या बाईला काय मिळाले? मोबदल्याच्या यादीत नाव यायला सातबारा लागतो. पुन्हा तेच दार.

टॉवरचे घ्या. तुमच्या गावात मोबाइलचा टॉवर कुणाच्या शेतात आहे, पाहिलेत का? मी आमच्या परिसरातल्या अकरा गावांत फिरून पाहिले. अकराच्या अकरा टॉवर बागायतदारांच्या जमिनीवर. दर महिन्याला भाडे. रिचार्ज आपणही मारतो, त्यांच्याइतकाच. त्या पैशातला वाटा भाड्याच्या रूपाने पुन्हा त्याच घरात जातो ज्या घराने आबांना रात्री सांगावा द्यायला पाठवले होते. हे मी कुणाच्या द्वेषाने लिहीत नाही. हवेतून जाणाऱ्या लहरींनाही उभे राहायला जमीन लागते, आणि जमीन आपल्याकडे नाही, एवढेच सांगतो आहे.

मोबाइल मात्र आपल्या हातात आला. त्याने काय झाले, हेही सरळ सांगतो. 'मूकनायक' 1920 साली निघाला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही. शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांवर आणि पुढे आपल्या माणसांच्या आण्या-पैशांवर चळवळीची पत्रे चालली. छापील शब्द जिथे पोचला नाही तिथे जलसे पोचले. त्या तुलनेत आज एका पोराच्या खिशात छापखाना, जलसा आणि टपालखाते तिन्ही आहेत. ही मोठी गोष्ट आहे आणि तिला कमी लेखणारे बुद्धिवादी मला आवडत नाहीत.

पण याच जिल्ह्यात, 2015 च्या मे महिन्यात, शिर्डीत एका तरुणाचा जीव गेला तो मोबाइलच्या रिंगटोनवरून. रिंगटोनवर बाबासाहेबांचे गाणे होते. फोन त्याने विकत घेतलेला, गाणे त्याच्या आवडीचे. सांगावा दुसऱ्याचा नव्हता, स्वतःचा होता, हाच गुन्हा ठरला. आणि ऑगस्ट 2023 मध्ये, ज्या हरेगावात बाबासाहेबांची परिषद झाली त्याच हरेगावात, शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून चार तरुणांना झाडाला उलटे टांगून मारले गेले. त्याचा व्हिडिओ फिरला. तो फिरला म्हणून जगाला कळले, गुन्हा दाखल झाला. व्हिडिओ नसता तर? दुसरी बाजूही ध्यानात घ्या. पूर्वी दहशत बसवायला चावडीसमोर फटके मारत, आता चित्रीकरणाने ते काम होते. एकच फोन पुरावाही आहे आणि चाबूकही. त्याचे काय होणार हे वस्तीत किती माणसे उभी राहतात आणि पोलीस ठाण्यात कोण बसले आहे, त्यावर ठरते.

आपल्यातले काही मित्र म्हणतील, तू जुन्या जखमा उकरतोस. बाजार आला, रस्ता आला, इंटरनेट आले, आता जात आपोआप मरेल, आपण धंद्यात उतरावे. धंद्यात जरूर उतरा. पण त्यांनी आपल्या तालुक्यात ऊस वाहतुकीचे करार कुणाचे आहेत, रस्त्यांचे ठेके कुणाकडे जातात, पेट्रोल पंप कुणाचे आहेत, हे आधी लिहून काढावे. दुसरे काही मित्र म्हणतील, हे आर्थिक प्रश्न डाव्यांचे, आपला प्रश्न अस्मितेचा. त्यांना मी पुन्हा मनमाडला पाठवीन.

राज्यघटनेचे कलम 15 काढा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या बरोबरीने रस्ते हा शब्द लिहिलेला आहे. महाड आपल्या रक्तात आहे, म्हणून पाण्याचा हक्क कुणी नाकारला तर आपण पेटून उठतो. रस्त्याच्या हक्काला आपण तेवढे मानत नाही. केरळात वायकोमला 1924 साली जो सत्याग्रह झाला तो मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठीच होता. अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली, 26 जानेवारी 2016 पासून ती लागू आहे. अनुसूचित जातीच्या माणसाला सार्वजनिक रस्ता, वाट किंवा सार्वजनिक वाहन वापरण्यापासून अडवणे हा त्यात स्पष्ट गुन्हा आहे. आपल्या स्मशानभूमीची वाट नांगरली जाते तेव्हा आपण तहसीलदाराकडे विनंती अर्ज घेऊन जातो. विनंती कशाची? वहिवाटीची वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली दावा होतो, आणि जातीमुळे अडवली तर त्याच्या जोडीला अॅट्रॉसिटीची फिर्याद होते. दोन्ही करा.

आमच्या गावात येत्या ग्रामसभेसाठी आम्ही पाच-सहा जणांनी एक काम हाती घेतले आहे. गावनकाशाची प्रत काढली, त्यावर वस्तीतून शाळेला, दवाखान्याला, स्मशानभूमीला आणि एसटीच्या थांब्याला जाणारी वाट लाल शाईने काढली. कुठे डांबर संपते, कुठे दिवा नाही, कुठे वाट बांधात गेली, ते पावलांनी मोजून लिहिले. वतनाच्या जमिनींचे जुने फेरफार तलाठ्याकडून मागवले. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतून गेल्या पाच वर्षांत आलेला पैसा कोणत्या रस्त्यावर पडला, त्याची माहिती अधिकारात विचारणा केली. त्यातल्या एका रस्त्याचे उत्तर आले आहे. काम वस्तीच्या नावाने मंजूर आहे आणि रस्ता वस्तीच्या अलीकडे तीनशे पावलांवर, एका गोठ्यापाशी थांबला आहे.

ही मोजणी दोन संध्याकाळींत होते. चार मुले, दोन मुली, एक टेप आणि एक वही पुरते. मुलींना जरूर घ्या, कारण अंधाराची वाट कुठे सुरू होते ते त्यांना बरोबर माहीत असते. अर्ज दोन प्रतींत लिहा, ग्रामसेवकाकडे द्या, आणि आपल्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.